सात नंबरचे जंत

मंगळवारी सकाळी तोंडाला दाढीचा फेस लावून डॉक्टर परसात आले, तेव्हा सासूबाई सात नंबरच्या शेळीचं तोंड ओल्या फडक्याने पुसत होत्या. शेजारच्या कट्ट्यावर एक छोटी काचेची बाटली धुऊन उपडी ठेवली होती.

“आई, हे काय?”

“जंताचं औषध दिलं तिला,” सासूबाई म्हणाल्या. “काय अवस्था झालीय बिचारीची! पापणीच्या आत बघा, रक्ताचा टिपूस नाही. घरात जनावरांचा डॉक्टर आणि परसात असा पेशंट. मला तर लाज वाटली बाई.”

डॉक्टरांनी बाटली सुलटी केली. चिठ्ठीवर छापलं होतं: ‘ख. एका शेळीसाठी. एकाच वेळी पूर्ण द्यावे.’ छत्तीस वर्षं मुलांच्या वॉर्डात नर्स म्हणून काढलेल्या बाईला बाटलीवर एवढं लिहिलेलं दिसलं आणि समोर आजारी पेशंट दिसला, तर ती आणखी कोणाची वाट बघणार? डॉक्टर मटकन कट्ट्यावर बसले. फेस हनुवटीवरून शर्टावर टपकला, तरी त्यांना पत्ता नव्हता.

डॉक्टरांना आळीत सगळे जंतडॉक्टर म्हणत आणि त्यात चूक काही नव्हतं. गेली सात वर्षं ते एकाच जंताच्या मागे होते. हा जंत बोटाच्या पेराएवढा लांब, सुतासारखा बारीक, शेळीच्या पोटात चिकटून रक्त पिणारा. बाजारातली यच्चयावत औषधं पचवून तो ढेकर देऊन बसला होता. त्याला मारणारं नवं औषध डॉक्टरांनी तयार केलं होतं. पण मारायचं औषध तपासायला आधी जिवंत जंत लागतात, आणि हे महाशय शेळीच्या पोटाबाहेर संसार करत नाहीत. शीतकपाटात जपून ठेवलेली त्यांची पिल्लं गेल्या उन्हाळ्यात कपाट बंद पडल्यावर मेली. तेव्हापासून ही सगळी जात एकट्या सात नंबरच्या पोटात शिल्लक होती. जंत असणं, एवढंच त्या शेळीचं काम. आयुष्यभर जंतांच्या मुळावर उठलेल्या माणसाची सगळी पुंजी म्हणजे मूठभर जिवंत जंत, हे डॉक्टरांच्या घरात सात वर्षांत कोणाच्याच गळी उतरलं नव्हतं.

त्यातून शुक्रवारी प्रयोगशाळेत तपासणी समिती येणार होती. समितीने जिवंत जंत डोळ्यांनी बघितले की नऊ शेळ्यांवर औषधाची चाचणी सुरू होणार होती. नाही बघितले तर त्यांच्या विभागाला कुलूप, आणि डॉक्टरांची बदली कोंबडीखाद्याच्या पोत्यांवर शिक्के मारणाऱ्या खात्यात. नेमकी याच आठवड्यात प्रयोगशाळेच्या गोठ्यात गोचिडांसाठी फवारणी निघाली. बाकीची जनावरं दुसरीकडे हलवली, पण सात नंबरला दुसऱ्याच्या स्वाधीन करायचा डॉक्टरांना धीर होईना, म्हणून त्यांनी तिला घरी आणलं. गोठ्यातल्या कपाटात चाचणीच्या नऊ बाटल्या होत्या, त्याही खोक्यात घालून आणल्या. खोकं स्वयंपाकघराच्या फळीवर ठेवलं, कारण तिथे ते सगळ्यात सुरक्षित राहील असं त्यांना वाटलं.

“आई, तिला औषध द्यायचं नव्हतं हो!”

“का? जंत नाहीयेत का तिला?”

“आहेत ना! तेच तर हवेत!”

“हवेत?”

“जिवंत हवेत!”

“मग सात वर्षं तुम्ही औषध कसलं शोधताय?”

“ते मारायचं!”

सासूबाईंनी पुढे होऊन जावयाच्या कपाळाला हात लावला. ताप नव्हता. मग त्यांनी दारात उभ्या असलेल्या लेकीकडे बघितलं. लेक बायकांचे कपडे शिवायची, तोंडात टाचण्या धरायची सवय होती, त्यामुळे संकटात ती फार बोलत नसे. तिने टाचण्या काढल्या आणि विचारलं, “अहो, पण त्या बाटलीत होतं काय?”

बाटलीत काय होतं हे डॉक्टरांनाही माहीत नव्हतं. चाचणीचा नियमच तो. क, ख आणि ग अशा तीन-तीन बाटल्या. एका अक्षरात डॉक्टरांचं नवं औषध, एकात बाजारातलं जुनं, एकात नुसतं पांढरं पाणी. रंग एक, वास एक. कशात काय आहे ते औषध करणाऱ्याला कळता कामा नये, नाहीतर नंतर जंतांची अंडी मोजताना डोळे आपल्या औषधाची बाजू घेतात. कोणत्या अक्षरात काय हे एका लाखबंद पाकिटात होतं, आणि पाकीट होतं प्रयोगशाळेतल्या आकडेतज्ज्ञांच्या कपाटात. या गृहस्थांना सगळे टक्केवारी म्हणत. ते स्वतःही तशी सही करतील की काय अशी शंका यावी इतके ते त्या नावाला जागत.

‘ख’ म्हणजे पाणी असेल तर प्रश्न नव्हता. जुनं औषध असेल तरी नव्हता, जंतांना ते पाण्यासारखंच. पण ‘ख’ म्हणजे नवं औषध असेल तर सात नंबरच्या पोटात या घडीला सात वर्षांचा संसार बुडत होता. डॉक्टर अर्धी दाढी करून स्कूटरवर बसले.

“पाकीट उघडा,” ते टक्केवारींच्या टेबलाशी जाऊन म्हणाले.

“नाही.”

“सबंध नका उघडू. फक्त ‘ख’ बघा. मला सांगूही नका. बघा आणि माझ्याकडे बघून हसा, किंवा हसू नका.”

“मी कामाच्या वेळेत हसत नाही.”

“अहो, सासूबाईंनी ‘ख’ पाजलं सात नंबरला!”

टक्केवारींनी वही ओढली. “म्हणजे नऊच्या आठ उरल्या. नोंद करतो. मला एवढं सांगा, त्यांनी बाटली बघून उचलली की न बघता?”

“काय फरक पडतो?”

“मला पडतो,” टक्केवारी म्हणाले. “पाकीट समितीच्या सांगण्यावरूनच उघडेल. तोपर्यंत अंडी मोजा. मेलेला जंत अंडी घालत नाही.”

हे डॉक्टरांनाच डॉक्टरकी शिकवणं झालं, पण ते खरं होतं. जंत दिसत नाहीत, त्यांची अंडी लेंडीतून बाहेर पडतात. लेंड्या तोलायच्या, कुटायच्या, मिठाच्या दाट पाण्यात ढवळायच्या, की अंडी वर तरंगतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येतात. औषध लागू पडलं तर दोन-तीन दिवसांत अंडी संपतात. मंगळवारी दुपारी डॉक्टरांनी मोजली तेव्हा एका ग्रॅमला चोवीसशे भरली. ही रोजचीच संख्या. पण आज ती असायचीच, औषधाला वेळ कुठे मिळाला होता?

वाट बघणं डॉक्टरांच्या स्वभावात नव्हतं. घरी येताना त्यांच्या डोक्यात आलं की जंत आज मरणार असतील तर आज पडलेली अंडी तरी वाचवावीत. लेंड्या ओलसर, उबदार ठेवल्या तर आठ-दहा दिवसांत त्यांतून पिल्लं निघतात. शुक्रवारच्या समितीला त्यांचा उपयोग नव्हता, पण जात तरी बुडणार नव्हती. त्यांनी घरातल्या झाडून सगळ्या बरण्या रिकाम्या केल्या. साखर पातेल्यात गेली, चहापत्ती पेल्यात गेली, बटणं एका टोपीत गेली. प्रत्येक बरणीत लेंड्या भरून, वर तारीख आणि वेळ लिहून, झाकण सैल लावून ते ऊब शोधत घरभर फिरले. घरात सगळ्यात उबदार जागा होती ती बायकोच्या इस्त्रीच्या टेबलामागची फळी.

“अहो, तिथे गिऱ्हाइकं बसतात,” बायको म्हणाली.

“गिऱ्हाइकं बरण्या उघडतात का?”

बुधवारी सकाळी एका गिऱ्हाइकाने बरणी उघडली. बाई लग्नाच्या पोशाखाचं माप द्यायला आली होती, बसून कंटाळली आणि “काय गं, घरची औषधी गोळी का?” म्हणत तिने हात घातला. गोळीचा खुलासा होईपर्यंत तिने ती दोन बोटांत दाबून बघितली होती. माप तसंच राहिलं आणि पोशाखाचं कापड ती परत घेऊन गेली. बायकोने त्या दिवशी दुपारपर्यंत तोंडातल्या टाचण्या काढल्या नाहीत.

डॉक्टरांचं तिकडे लक्षच नव्हतं. सकाळची मोजणी एकोणीसशेवर आली होती. ते दर दोन तासांनी डबी घेऊन परसात जात, शेळीच्या मागे उकिडवे बसत, डबी भरली की स्कूटरवर प्रयोगशाळेत आणि तिथून परत. जेवताना एका हाताने आकडे लिहीत. झोप लागेना तेव्हा ते बायकोला म्हणाले, “माझं औषध फार जालीम आहे गं.” दोन वर्षांपूर्वी हेच वाक्य त्यांनी हसत हसत म्हटलं होतं.

गुरुवारी सकाळी अंडी अकराशे निघाली.

डॉक्टर परसात येऊन शेळीकडे नुसते बघत राहिले. सात वर्षं डोळ्यांत तेल घालून जपलेले जीव हळूहळू संपत होते आणि ती निवांत चघळत होती. त्यांना खरंच रडू येत होतं. सासूबाईंना ते बघवेना. आपल्या हातून काहीतरी भयंकर झालंय एवढं त्यांना कळलं होतं, काय ते मात्र कळलं नव्हतं.

“जावईबापू, मी तिला चांगलं खायला तरी घालतेय हो,” त्या अपराध्यासारख्या म्हणाल्या. “मंगळवारपासून हिरवा लुसलुशीत चारा देतेय. पोटही साफ होतंय तिचं. पातळ होतंय, पण साफ.”

डॉक्टर ताडकन उभे राहिले. “पातळ? कधीपासून?”

“काल सकाळपासून.”

“अहो आई, मग पाणी मोजतोय मी! लेंडीत पाणी वाढलं की ग्रॅममागे अंडी कमीच दिसणार!”

स्वतः दिवसाला सहा वेळा डब्या भरणाऱ्या माणसाला हे दिसलं नव्हतं, कारण त्याचं लक्ष डबीवर लिहिलेल्या वेळेकडे होतं. त्यांनी हिरवा चारा उचलून शेजारच्या घराच्या कुंपणापलीकडे फेकला, सुक्या गवताची पेंढी आणली आणि संध्याकाळपर्यंत शेळीसमोर खुर्ची टाकून बसले. संध्याकाळी लेंड्या पुन्हा गोट्यांसारख्या टणक झाल्या. सूक्ष्मदर्शकाखाली डॉक्टर मोजत सुटले आणि अंडी संपेनात. सव्वीसशे! जीव भांड्यात पडला. त्यांनी टक्केवारींना मिठी मारली. टक्केवारी हात शरीराला चिकटवून मिठी संपायची वाट बघत उभे राहिले.

“जिवंत आहेत!” डॉक्टर घरात शिरताच ओरडले. “सगळे खुशाल आहेत! आई, ‘ख’ म्हणजे पाणी हो! नाहीतर फार तर ते जुनं औषध. माझं असतं तर आज एक अंडं दिसतं तर शपथ!”

तीन दिवसांनी ते पोटभर जेवले. बायकोची माफी मागितली, त्या गिऱ्हाइकाकडे जातीने जाऊन खुलासा करायची तयारी दाखवली, आणि सासूबाईंना म्हणाले, “तुम्ही नेमकं पाणी पाजलंत, पुण्य लागेल.” सासूबाईंचा चेहरा मात्र पुरता खुलला नाही. शेळीचं अजून काही खरं नव्हतं, हे त्यांना दिसत होतं.

शुक्रवारी सात नंबर डॉक्टरांबरोबर पाऊल टाकायला तयार नव्हती. गेले तीन दिवस हा माणूस सारखा मागून येत असल्यामुळे ती त्यांना बघितलं की भिंतीला पाठ लावत होती. सासूबाईंनी हाक मारताच निघाली. मग सासूबाईंनाही टेम्पोत बसवून प्रयोगशाळेत न्यावं लागलं.

समितीच्या अध्यक्षबाई साठी उलटलेल्या, उभी हयात गोठ्यांत गेलेली. त्यांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला, अंडी बघितली, मान डोलावली. डॉक्टरांची छाती फुगली. तेवढ्यात टक्केवारी उभे राहिले.

“एक नोंद आहे,” ते म्हणाले. “‘ख’ची एक बाटली चाचणीआधीच वापरली गेली. ती याच शेळीला पाजली, मंगळवारी सकाळी. पाकिटाबद्दल समितीने सांगावं.”

“उघडा की!” डॉक्टर समितीच्या आधी म्हणाले. ज्या पाकिटासाठी ते तीन दिवस टक्केवारींच्या पाया पडायचे बाकी राहिले होते, ते आता त्यांना कोणी फुकट दिलं तरी नको होतं, पण मोठं मन दाखवायला काय जातंय! “जरूर उघडा. माझी काही हरकत नाही.”

अध्यक्षबाईंनी लाख फोडली. चष्मा लावला. कागद एकदा वाचला, डॉक्टरांकडे बघितलं, परत वाचला.

“ख,” त्या म्हणाल्या, “नवं औषध.”

डॉक्टरांच्या तोंडचं पाणी पळालं.

“म्हणजे तुमचं औषध पाजून तीन दिवस झाले,” अध्यक्षबाई शांतपणे म्हणाल्या, “आणि जंत मजेत आहेत.”

“पाजलं असं नाही म्हणता येणार!” डॉक्टर एकदम बोलू लागले. “बाटली रिकामी झाली एवढंच आपल्याला माहीत आहे. शेळ्या औषध थुंकतात, मॅडम. गालात धरतात, मान झटकतात. आमची पगारी माणसंसुद्धा निम्मं जमिनीवर सांडतात. सासूबाई तर, म्हणजे त्यांना जनावरांची सवय नाही. बोलावतो मी त्यांना.”

सासूबाई पदराला हात पुसत आत आल्या.

“आई, खरं सांगा,” डॉक्टर म्हणाले. तीन दिवस ज्या बाईने औषध पाजलं म्हणून त्यांनी जिवाचं रान केलं होतं, तिच्यापुढे ते हात जोडायच्या बेतात होते. “मंगळवारी औषध देताना सांडलं ना? बरंचसं सांडलं असेल, हो ना?”

सासूबाईंचा जावयावर जीव होता. त्याने पैसे मागितले असते, किडनी मागितली असती, तरी त्यांनी विचार केला असता. पण हे मागणं निराळं होतं.

“सांडलं?” त्या म्हणाल्या. “माझ्या हातून?”

“आई, थोडंसं तरी.”

“गाल बाजूला घ्यायचा, जिभेच्या मागे हळूहळू सोडायचं, मान फार वर करायची नाही, नाहीतर ठसका लागतो. गळ्यावरून हात फिरवत राहायचं, गिळेपर्यंत. मग तोंड उघडून जिभेखाली बघायचं.” त्यांनी अध्यक्षबाईंकडे बघितलं. “बघितलं मी. बाटलीत पाणी घालून हलवून तेही पाजलं. छत्तीस वर्षांत माझ्या पेशंटच्या उशीवर औषधाचा डाग कोणी दाखवावा.”

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. “बाई,” त्या म्हणाल्या, “इतकं नीट औषध पाजणारं माणूस मला चाळीस वर्षांत भेटलं नाही.”

पुढचं अर्ध्या तासात उरकलं. एका शेळीवरून औषध नापास म्हणता येत नाही, असं अध्यक्षबाईंनी स्वतःच सांगितलं. पण नवं औषधही पचवणारा जंत निघाला असेल तर तो हातचा जाऊ द्यायचा नाही, असंही त्या म्हणाल्या. विभागाला तीन वर्षं मिळाली. त्यातली बहुतेक जंत सांभाळण्यासाठी होती. नऊ शेळ्यांची चाचणी नव्या बाटल्या, नवी अक्षरं आणि नवं लाखबंद पाकीट घेऊन पुढच्या महिन्यात ठरली, आणि पाजण्याचं काम नाव घालून सासूबाईंकडे दिलं. औषध हरलं तर ते औषधच हरलं असं तरी म्हणता येईल, असं टक्केवारींनी वहीत लिहिलं.

परतताना डॉक्टर टेम्पोत मागे गवतावर बसले. विभाग वाचला होता, तरी ते बाहीने डोळे पुसत होते. सात वर्षं लागली होती त्या औषधाला. समोर सासूबाई शेळीचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

“औषध लागू पडलं नाही, एवढंच ना?” त्या म्हणाल्या. “मग दुसरं द्यायचं. वॉर्डात आम्ही तेच करायचो. त्यात रडण्यासारखं काय आहे?”

डॉक्टरांना पहिल्यांदाच थोडं हलकं वाटलं. “आई, पुढच्या महिन्यात नऊ शेळ्यांना पाजायचंय. याल ना?”

“येईन की. सगळ्यांना औषध देणार?”

“सहा जणींना. तिघींना नुसतं पाणी. तुलना करायला लागतं तसं.”

“जंत असून नुसतं पाणी?”

“हो, पण कोणाला काय मिळालं ते आपल्याला कळणारच नाही. मलाही नाही आणि तुम्हालाही नाही.”

सासूबाईंनी शेळीची खालची पापणी अंगठ्याने हळूच ओढून बघितली आणि सोडून दिली.

“मला कळेल,” त्या म्हणाल्या. “पेशंटच्या डोळ्यांत बघितलं की कळतं मला. तुम्ही नका काळजी करू, जावईबापू. त्या तिघींचं मी बघते.”

तीन दिवसांनी नुकता कुठे ठिकाणावर आलेला डॉक्टरांचा जीव पुन्हा वरखाली होऊ लागला.